भाडोत्री

१ जानेवारी जवळ आली की एक शब्द हमखास कानावर येतो. भाडोत्री. १८१८ साली कोरेगावला लढलेले महार हे कंपनीचे भाडोत्री शिपाई, त्यांचं कसलं कौतुक करता, असं म्हणणारे मंठ्याच्या स्टँडवर पण भेटतात आणि जाडजूड पुस्तकात पण भेटतात. फेकणारा हा शब्द शिवी म्हणून फेकतो. मी म्हटलं, शब्द आलाच आहे अंगावर तर त्याचा माग काढू. माग काढत पार जर्मनीपर्यंत जावं लागलं. आणि गंमत अशी की तिथला माग परत आपल्याच जालना जिल्ह्यात येऊन पोचला.

तर आधी जर्मनी. १४८६-८७ च्या सुमारास तिथल्या मॅक्सिमिलियन राजानं पगारी पायदळ उभं केलं. हा पुढं सम्राट झाला. या शिपायांना म्हणायचे लान्त्सक्नेख्त. क्नेख्त म्हणजे गडी, चाकर. देशाचा गडी. नावातच चाकरी बघा. कोण होते हे? शेतकऱ्याची पोरं, विणकर, गवंडी, कारागिराच्या हाताखाली राबणारे. नऊ-दहा हात लांब भाला, तोही स्वतःच आणायचा. पगार महिना चार गुल्डन. चांगलं हत्यार आणि चिलखत घेऊन पुढच्या रांगेत मरायला उभा राहील त्याला आठ. सोळावं शतक सरत आलं, महागाई वाढत गेली, पण चार गुल्डन चारच राहिले. मिलमध्ये राबणाऱ्याला यातलं वेगळं काही समजावून सांगायची गरज नाही.

या लोकांची माहिती येते कुठून? सगळ्यात आधी डोळ्यांपुढं येतात ती चित्रं. १५३० नंतर न्युरेंबर्गच्या छापखान्यांनी लाकडी ठशांवरून ती ढिगानं छापली. टोपीत पिसं, कापलेल्या बाह्यांतून बाहेर डोकावणारं रंगीत अस्तर, छाती काढून उभा शिपाई. खाली चार ओळी पद्य. त्यातलं बरंच पद्य हान्स झाक्स नावाच्या कवीचं. हा झाक्स धंद्यानं जोडे शिवणारा! तिथं जोडे शिवणाऱ्याची कविता छापून विकली जात होती, एवढं वाचूनच माझी छाती फुगली. पण ही चित्रं विकायला काढलेली. गिऱ्हाइकाला जसा शिपाई बघायला आवडतो तसा तो काढलाय. त्याची भूक त्यात नाही, जखम नाही, थकलेला पगार नाही.

कपड्यांवरून एक सांगतो. कुणी कोणतं कापड अंगावर घालायचं याचे कायदे तेव्हा युरोपातही होते. मॅक्सिमिलियननं या शिपायांना त्यातून मोकळीक दिली असं सांगतात. जगणार किती दिवस, घालू द्या त्यांना हवं ते, असा हिशोब. मरायला तयार झाला तरच माणसाला रंगीत कापड! आपल्याकडं पलटणीत गेलेल्या महाराच्या अंगावर डगला आणि पायात बूट आला तेव्हा गावाच्या पोटात का दुखलं, ते यावरून उमगतं.

चित्रापेक्षा जास्त खरं बोलतो तो भरतीचा कागद. मैदानात दोन फरश्या रोवायच्या, वरून आडवा भाला टाकायचा, झाला दरवाजा. त्यातून एकेक गडी चालत जाणार. कारकून त्याचं नाव, गाव लिहिणार, हत्यार तपासणार, पगार ठरवणार. मग कलमांचं पत्र वाचून दाखवणार आणि हात वर करून शपथ. म्हणजे सरळ मस्टरच. आणि मस्टर आलं की त्यातली चोरी पण आली. मेलेल्याचं नाव तसंच चालू ठेवायचं, तपासणीच्या दिवशी भाड्यानं माणसं उभी करायची आणि पगार कप्तानाच्या खिशात. आमच्याकडं एका ठेकेदाराच्या मस्टरवर गावाला गेलेले दोघं सहा महिने रोज हजर होते. पाचशे वर्षांत कागद तोच आहे.

तरी मस्टर लिहिणारा कारकून. गडी स्वतः लिहितो तेव्हा काय होतं? पाउल डोलनश्टाइन नावाचा एक दगडी कामाचा गवंडी भाडोत्री शिपाई झाला. १५०२ साली डेन्मार्कच्या राजाच्या बाजूनं तो स्वीडनमध्ये लढला. त्यानं स्वतःच्या हातानं वही भरली. शाईनं काढलेले शिपाई, किल्ले, लढाया, आणि खाली मोडकंतोडकं लिहिलेलं. आम्ही अठराशे आणि स्वीडिश शेतकरी पंधरा हजार, असा हिशोब तो देतो. आकडा फुगवलेला असणार, शिपाईच तो. पण समोर कोण होते ते त्यानं झाकलं नाही. शेतकरी होते. गवंड्यानं पगारासाठी शेतकरी कापले. ही वही आज वायमारच्या सरकारी दफ्तरखान्यात नीट जपून ठेवलेली आहे.

याची दुसरी बाजू पण त्याच देशात आहे. १५२५ मध्ये जर्मनीत शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. सरदारांनी याच शिपायांना त्यांच्यावर घालायचं ठरवलं, तर काही तुकड्या अडून बसल्या. आपल्याच लोकांवर भाला उचलणार नाही म्हणाल्या. शेवटी बरेच जण गेले. पगाराची गाठ मोठी. आणि पगार थकला की काय होतं ते १५२७ मध्ये दिसलं. चिडलेल्या फौजेला समजावताना त्यांचा म्हातारा सेनापती फ्रुन्ड्सबेर्ग झटका येऊन पडला. फौज त्याच्याशिवायच पुढं गेली आणि ६ मे रोजी तिनं रोम शहर लुटलं.

आता आपला जिल्हा. भोकरदनच्या बाजूला केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं शिंदे-भोसले आणि कंपनी सरकार यांची लढाई झाली. शिंद्यांचं कवायती पायदळ दहा हजारांच्या घरात. त्याचा सेनापती कोण? अँथनी पोलमान. हनोव्हरचा जर्मन! कंपनीनं हनोव्हरच्या पलटणी भाड्यानं आणल्या होत्या, त्यातला हा सार्जंट, पळून शिंद्यांकडं आलेला. बाजूला बेगम समरूच्या पलटणी. बेगमेचा मेलेला नवरा वॉल्टर राइनहार्ट, तोही जर्मन भाडोत्रीच. मराठ्यांच्या राज्याचं पायदळ जर्मन माणूस लढवतोय आणि त्याच्या हाताखालचे शिपाई बहुतेक अवध-दुआबाकडचे. समोर वेलस्लीकडं गोरे आणि मद्रासचे शिपाई. मद्रासच्या फौजेत तेव्हा पारिया जातीचे लोक पण होते. या मैदानात पगारावर नसलेला माणूस शोधून दाखवा!

असईची साधनं बघितली तर तीही अशीच एका बाजूनं बोलतात. वेलस्लीचे खलिते छापलेले आहेत. वाटाडे म्हणाले नदीला उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पिंपळगाव आणि वरूड ही समोरासमोरची गावं बघितली आणि ओळखलं की मध्ये उतार असणारच. ही हुशारी सगळी पुस्तकं सांगतात. वाटाड्यांची नावं कुणी सांगत नाही. त्या काळी सरकारी फौजेला वाट दाखवायचं काम गावात कुणाच्या गळ्यात असायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. वाटाड्यांनी उतार खरंच माहीत नव्हता म्हणून नाही म्हटलं का मुद्दाम, हेही कुणी विचारलं नाही.

कंपनीचे ४२८ मेले, ११३८ जखमी. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं आहेत, कर्नल मॅक्सवेल वगैरे. शिपाई म्हणजे नुसता आकडा. वेलस्लीच्या घोड्याला भाला लागला, त्या घोड्याचं नाव डायोमीड. घोड्याचं नाव राहिलं! शिंद्यांच्या बाजूनं किती मेले ते जिंकणाऱ्यांनी अंदाजानं सांगितलं, बाराशेच्या आसपास. पोलमान लढाईनंतर गायब झाला आणि पुढं कंपनीच्याच नोकरीत दिसला. त्याला कुणी गद्दार म्हटल्याचं मी तरी वाचलं नाही.

आता कोरेगाव. पेशव्यांच्या बाजूनं गावात घुसून लढले ते अरब आणि गोसावी, पगारी. कंपनीच्या बाजूनं मुंबईची पलटण, पगारी. मग भाडोत्री हा शब्द एकाच्याच कपाळावर का? उत्तर साधं आहे. पगार घेतला म्हणून राग नाही. ज्यानं घेतला त्याच्या जातीचा राग आहे. त्या खांबाचा पाया १८२१ साली घातला. त्यावर कंपनीच्या मेलेल्या ४९ जणांची नावं कोरलीत, त्यात २२ जण 'नाक' लावणारे. सोमनाक कमळनाक, पुढं असेच. असईत नाव मिळालं नाही, इथं दगडावर तरी मिळालं. कंपनीनं ते स्वतःच्या विजयाच्या खांबावर कोरलं, आपल्यावरच्या प्रेमापोटी नाही, हे मला कळतं. त्यांच्याच फौजेनं १८९२-९३ च्या सुमारास लढाऊ जातीचं खूळ काढून महारांची भरती बंद केली. काम झालं, मस्टरवरून नाव कमी. त्याच दगडापाशी जाणाऱ्या माणसांवर २०१८ च्या १ जानेवारीला दगड आले.

भरती बंद झाल्यावर आपल्यातला शिपाई लिहायला लागला. १८९४ चं गोपाळबाबा वलंगकरांचं विनंतिपत्र मराठीत आहे. लिहिणारा पलटणीतून पेन्शनीत निघालेला हवालदार. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी विलायतच्या सरकारकडं अर्ज केला. आमच्या बापजाद्यांनी चाकरी केली, आम्हाला का बंद, असा सरळ सवाल. डोलनश्टाइनच्या वहीशेजारी मी हे कागद ठेवतो. तिथं गवंडी बोलला, इथं महार हवालदार बोलला. फरक एवढाच की त्याची वही शाळेतल्या पोरांना दाखवायला कुणाला लाज वाटत नाही.

पण दोन अर्जांवर भागत नाही. पलटणीची मस्टरं, पेन्शनीच्या याद्या मुंबईच्या दफ्तरखान्यात आणि लंडनला आहेत. तिथं जाणारे जातील. आपल्या घरातलं मात्र आपणच बघायचं. ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या फळीवर, आजीच्या बोचक्यात एखादं पदक, डिस्चार्जचा कागद, पेन्शनीचं पुस्तक असेल तर ते भंगारात घालू नका. नाव, गाव, पलटण, साल एवढं चार ओळीत उतरवून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. कागद नसेल आणि नुसतं म्हाताऱ्या माणसाचं सांगणं असेल तर तेही पाठवा, फक्त कुणी सांगितलं ते लिहा. अक्षर कसंही असू द्या. पुढच्या अंकापासून आलेली नावं जशीच्या तशी छापायला घेऊ.