पर्पेतुआ आणि फेलिसितास : कार्थेजच्या रक्तसाक्षी

इ.स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेऊ पाहणाऱ्या पाच तरुणांना अटक झाली. आजच्या ट्युनिशियात असलेले हे नगर तेव्हा रोमन साम्राज्यात होते आणि सेप्टिमियस सेव्हेरस सम्राट होता. अटक झालेल्यांत विबिया पर्पेतुआ ही खानदानी घराण्यातील, सुमारे बावीस वर्षांची सुशिक्षित स्त्री होती. तिच्या अंगावर तान्हे मूल होते. फेलिसितास ही गुलाम स्त्री गर्भवती होती. रेवोकातुस, सातुर्निनुस व सेकुंदुलुस हे बाकीचे तिघे. त्यांना धर्मशिक्षण देणारा सातुरुस नंतर आपण होऊन स्वाधीन झाला.

या सर्वांची आठवण टिकली ती पर्पेतुआच्या लेखणीमुळे. तुरुंगातील दिवसांचा वृत्तान्त तिने स्वतः लिहून ठेवला. ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेल्या आणि आजवर टिकलेल्या सर्वांत जुन्या लेखनात त्याची गणना होते. त्यात कोठडीतील काळोख, उकाडा, बाळाची काळजी आणि तिला पडलेली स्वप्ने आहेत. बाळ जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा तुरुंगही तिला राजवाड्यासारखा वाटला. वडील मात्र ख्रिस्ती नव्हते. श्रद्धा सोड, म्हणून ते विनवू लागले, तेव्हा तिने जवळच्या एका भांड्याकडे बोट दाखवले. भांड्याला जसे दुसरे नाव देता येत नाही, तसे आपल्यालाही ख्रिस्ती याखेरीज दुसरे नाव नाही, असे तिने सांगितले.

न्यायाधिकारी हिलारियानस याने सम्राटाच्या कल्याणासाठी यज्ञ करण्यास फर्मावले. पर्पेतुआने नकार दिला आणि सर्वांना श्वापदांपुढे सोडण्याची शिक्षा झाली. सेकुंदुलुस तुरुंगातच वारला. गर्भवतीला मृत्युदंड देण्यास कायद्याची मनाई असल्याने फेलिसितासला सोबत्यांच्या मागे राहण्याची धास्ती होती. पण आठव्या महिन्यातच ती बाळंत झाली. तिची मुलगी एका ख्रिस्ती स्त्रीने वाढवली.

राजपुत्र गेटा याच्या वाढदिवसानिमित्त ७ मार्च रोजी खेळ भरले. पुरुषांवर बिबट्या, अस्वल व रानडुक्कर सोडले, तर पर्पेतुआ आणि फेलिसितास यांच्यावर पिसाळलेली गाय. गायीने उडवून दिल्यावर पर्पेतुआने आधी फाटलेले वस्त्र सावरले, विस्कटलेले केस पुन्हा बांधले आणि मग खाली पडलेल्या फेलिसितासला हात देऊन उठवले. खानदानी स्त्री आणि गुलाम स्त्री शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. शेवटी तलवारीने सर्वांचा वध झाला. पर्पेतुआवर वार करणारा नवखा ग्लॅडिएटर चाचरला, तेव्हा त्याचा थरथरता हात तिने स्वतःच आपल्या गळ्याकडे नेला. हा अखेरचा प्रसंग तिच्या लेखनाला दुसऱ्या कोणी जोडला.

पुढे त्यांच्या स्मृतिदिनी संत ऑगस्टीन यांनी प्रवचने दिली, आणि रोमन मिस्साच्या प्राचीन प्रार्थनेत दोघींची नावे एकत्र आली. ७ मार्च हाच त्यांचा सण आहे.