लाटेवर उभं राहायचंय? आधी पाणी वाचायला शिका : सर्फिंग, बोर्डची निगा आणि समुद्राची ओढ

किनारपट्टीच्या तालुक्यांतल्या पोरांच्या मोबाईलवर हल्ली सर्फिंगचे व्हिडिओ भरपूर दिसतात. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणारा माणूस बघितला की वाटतं, यात काय मोठं? तोल सांभाळला की झालं. पण सर्फिंगमध्ये तोल हा नंतरचा भाग आहे. आधी येतं ते पाणी वाचणं. आणि हे वाचणं ज्याला जमतं, तो सर्फिंग करो वा न करो, समुद्रात सहजासहजी सापडत नाही. म्हणून ही माहिती बोर्ड घेणाऱ्यांसाठी आहे, तशीच नुसतं पोहायला उतरणाऱ्यांसाठीही.

खेळ कुठला, आपल्याकडे कुठे आला

सर्फिंग हा मूळचा हवाई बेटांवरचा आणि आसपासच्या पॉलिनेशियन लोकांचा खेळ. हवाईचे ड्यूक कहानामोकू यांनी १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं आणि पुढे देशोदेशी जाऊन सर्फिंगची प्रात्यक्षिकं दाखवली. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा झाला तो टोकियोच्या स्पर्धेत, २०२१ साली.

भारतात कर्नाटकातलं मुल्की, तामिळनाडूतलं कोवलम आणि महाबलीपुरम, केरळातलं वर्कला आणि कोवलम ही सर्फिंगची ओळखीची ठिकाणं. तामिळनाडूच्या कोवलममध्ये मच्छीमारांच्या घरातली पोरंच चांगले सर्फर झाली. २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक आणलं. गोव्यातही सर्फिंग शिकवलं जातं.

लाट येते, पाणी येत नाही

खोल समुद्रात जाळ्याचा बोया बघा. लाट आली की तो वर जातो, थोडा पुढे सरकतो, मग खाली येऊन जवळपास पूर्वीच्याच जागी थांबतो. म्हणजे पुढे जाते ती लाटेची ताकद. पाणी जागच्या जागी गोल फिरतं.

ही ताकद दूरवरच्या वाऱ्याने दिलेली असते. दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात, हे मोजायला शिका. दहा सेकंदांचं अंतर असलेली लाट खोल पाण्यात ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने धावते आणि तिच्या दोन माथ्यांमध्ये साधारण १५६ मीटर अंतर असतं. सेकंद जितके जास्त, तितकी लाट लांबून आलेली आणि जोरकस. लाटेची उंची दुप्पट झाली तर ताकद चौपट होते. म्हणून ‘काल एवढीच तर होती, आज थोडी मोठी आहे’ हा हिशोब फसवा आहे.

लाट फुटते कशी

लाटेच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा पाणी उथळ झालं की लाटेला तळ लागायला सुरुवात होते. तिचा वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं, लाट उंच होते. शेवटी माथा पायापेक्षा पुढे जातो आणि लाट फुटते. ढोबळ नियम असा : एक मीटर उंचीची लाट साधारण १.३ मीटर पाण्यात फुटते. म्हणजे लाट कुठे फुटतेय हे बघून तिथे पाणी किती आहे ते काठावरूनच कळतं.

तळ सपाट आणि हळूहळू उतरता असेल तर लाट मऊ कोसळते. शिकणाऱ्याला हीच हवी. तळ अचानक वर आला असेल, खडक असतील, तर ती गुंडाळी करून आदळते. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचं वजन टनापेक्षा जास्त भरतं, हे लक्षात ठेवा.

बोर्ड धावतो कशामुळे

१.३ मीटर पाण्यात फुटणारी लाट ताशी सुमारे १३ किलोमीटर वेगाने येते. हाताने वल्हवून माणूस एवढा वेग गाठत नाही. तो लाटेच्या आधी थोडा वेग घेतो, लाट मागून बोर्ड उचलते आणि पुढचं काम उतार करतो. सर्फर म्हणजे टेकडीवरून घसरणारा माणूस, फक्त टेकडीही त्याच्याबरोबर पुढे सरकत असते. सरळ खाली गेलात तर उतार लगेच संपतो. म्हणून जाणकार लाटेच्या अंगावरून तिरकं जातात.

बोर्डच्या खालचे फिन सुकाणूसारखे. ते नसतील तर मागचा भाग बाजूला घसरतो. वळायचं तर बोर्डची कड पाण्यात दाबायची.

शिकायची पद्धत

१. पहिला बोर्ड मोठा आणि मऊ फोमचा घ्या. आठ फुटांचा, ७०-८० लिटरचा बोर्ड लवकर तरंगतो, डुलतो कमी आणि लागतोही कमी. छोटा टोकदार बोर्ड दिसायला भारी, पण नवख्याला तो उभंच राहू देत नाही.

२. आधी वाळूवर सराव. पोटावर झोपा, हात छातीजवळ टेका, एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणा. गुडघ्यावर थांबायची सवय लावू नका.

३. पाण्यात कमरेएवढ्या खोलीत राहा. फुटून फेस झालेल्या लाटेवर आधी शिका.

४. झोपताना बोर्डचं नाक पाण्याच्या जरासं वर हवं. फार पुढे झोपलात तर नाक बुडून तुम्ही उलटता, फार मागे झोपलात तर लाट निघून जाते.

५. उभं राहिल्यावर गुडघे वाकवा आणि पायाकडे बघू नका. जिथे बघाल तिथेच जाल.

६. पडताना डोकं खाली घालून सूर मारू नका. आडवं पडा, वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरा.

७. बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये येऊ देऊ नका. लाट तोच बोर्ड तुमच्या तोंडावर मारते.

८. लाटेच्या फुटणाऱ्या भागाच्या सर्वांत जवळ जो असतो, लाट त्याची. मध्ये घुसायचं नाही.

ओढ ओळखा

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. लाटांनी काठावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमधून ते एका पट्ट्यात वेगाने आत जातं. ही रिप करंट, म्हणजे आत नेणारी ओढ. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधलाच पट्टा शांत, गडद, कधी गढूळ दिसतो. परगावचा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाट दिसत नाही. ओहोटीला तिचा जोर साधारणपणे वाढतो.

जोराची ओढ सेकंदाला दोन मीटरच्या आसपास जाते. जगातले अव्वल जलतरणपटू शंभर मीटरची शर्यत साधारण याच वेगाने पोहतात. तेव्हा तिच्याविरुद्ध काठाकडे पोहणं म्हणजे दम घालवणं. ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. घाबरू नका, पाठीवर तरंगा, हात वर करून बोलवा. जमत असेल तर काठाला समांतर पोहा आणि जिथे लाटा फुटतायत तिथून बाहेर या. सर्फर याच पट्ट्याने कमी कष्टात आत जातात. पाणी तेच, फरक ओळखण्याचा.

कुणी सापडलेला दिसला तर नुसत्या हातांनी उडी मारू नका. वाचवायला गेलेलाही बुडतो. तरंगणारी वस्तू फेका : दोरीला बांधलेला कॅन, रिंग, बोर्ड. जीवरक्षकाला हाक द्या आणि ११२ वर फोन करा.

बोर्डची निगा

घरी आल्यावर बोर्ड गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत ठेवा. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवला तर आतली हवा फुगून वरचा थर सुटतो. फायबरच्या बोर्डला पाय घसरू नये म्हणून वरून सर्फिंगचं मेण लावतात. आपल्या गरम पाण्यासाठी कडक प्रकारचं मेण घ्या. मेणबत्तीचं मेण लावू नका, त्याने उलट घसरायला होतं.

पायाला बांधायची दोरी साधारण बोर्डएवढी लांब हवी. चीर पडली असेल तर लगेच बदला. पाण्यात ती तुटली तर बोर्ड जातो, आणि तुमचा आधारही.

बोर्डला भोक पडलं तर त्या दिवशी पाण्यातून बाहेर या, कारण आतला फोम पाणी पितो. दुरुस्तीआधी तो पूर्ण सुकला पाहिजे. इथे एक चूक सहज होते. फायबर होडीला वापरतात ते पॉलिस्टर रेझीन थर्मोकोलसारख्या फोमच्या बोर्डला लावलं तर आतला फोम विरघळतो. अशा बोर्डला इपॉक्सीच लागतं. बोर्ड कशाचा आहे ते विकत घेतानाच विचारून लिहून ठेवा. घासताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेत.

कधी उतरायचं, कधी नाही

पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारीही बंद असते. नवख्यांसाठी पावसाळ्यानंतरचे, समुद्र शांत झाल्यावरचे महिने बरे. खाडीच्या मुखाजवळ आणि खडकांपाशी उतरू नका. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांची उंची आणि सेकंदांचा अंदाज रोज देते. तो बघा, आणि गावातल्या जुन्या मच्छीमाराला विचारा. कुठली पुळण कधी फिरते, हे त्यांना ठाऊक असतं.

पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटं काठावर नुसते उभे राहा. लाटा कुठे फुटतायत, कुठे फुटत नाहीत, मोठ्या लाटा किती वेळाने येतायत, हे बघा. एकटे उतरू नका. काही कळत नसेल तर त्या दिवशी काठावरच थांबा. समुद्र उद्याही तिथेच आहे.