उखळी सांधा

आमच्या अण्णांनी १९७२ साली फियाटसाठी नंबर लावला आणि १९७९ साली दारात गाडी उभी राहिली. मधल्या सात वर्षांत दादाला मिसरूड फुटलं, मी चौथीत गेलो आणि खुद्द गाडीचं नावही बदललं. १९७४पासून तिला 'पद्मिनी' म्हणू लागले होते. अण्णा मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत. सुनेचं नाव लग्नात बदलतात, सात वर्षं वाट पाहिलेल्या गाडीचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

तर या फियाटच्या पुढच्या उजव्या चाकाकडून गेल्या दिवाळीपासून 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला. आमच्या गल्लीतले मिस्त्री हल्ली गाडीखाली शिरत नाहीत. गुडघे गेलेत. ते खुर्चीवर बसून निदान करतात. त्यांनी मला स्टीअरिंग हलवायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "टाय रॉडचा एंड गेलाय. उजवा. घरीच सोडव, साहेब. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. फार नाही, दोनशे वर्षं.

चार चाकांच्या घोडागाडीला वळवायचं कसं, हा जुना प्रश्न. पूर्वी पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरवत. वळण जरा जोरात घेतलं की गाडी कलंडे. मग म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने युक्ती काढली, की आस जागच्या जागी राहू दे. दोन्ही चाकं आपापल्या खिळीवर फिरू देत आणि त्यांना दांड्यांनी जोडा. लंडनमध्ये त्याचा एक मुखत्यार होता, रुडॉल्फ अॅकरमन. धंद्याने चित्रं नि पुस्तकं छापून विकणारा. त्याआधी ॲडमिरल नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथही त्यानेच आखून दिला होता. या गृहस्थाने १८१८ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं आणि आजतागायत जगभरचे इंजिनियर त्या रचनेला अॅकरमनचं स्टीअरिंग म्हणतात. लांकेन्स्पेर्गरचं नाव उच्चारायला अवघड होतं, हेच त्याचं चुकलं असावं. (चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस यांनाही हीच कल्पना त्याआधी सुचली होती म्हणतात. पण त्यांनी पेटंट घेतलं नाही. डॉक्टर होते. पेशंट घेत.)

आता दांड्यांनी जोडायचं म्हटलं की सांधे आले. चाक नुसतं वळत नाही. खड्ड्यात उतरतं, खड्ड्याबाहेर येतं, आणि पुण्यात तर दोन्ही एकाच वेळी करतं. बिजागरीसारखा एकाच दिशेला हलणारा सांधा इथे टिकायचा नाही. तेव्हा माणसाच्या खुब्यात निसर्गाने जी सोय केली आहे तीच इथे केली: उखळीत गोळा. शाळेच्या पुस्तकात त्याला उखळी सांधा म्हणत, गॅरेजात बॉल जॉइंट. गोळ्याला खाली किंवा वर एक निमुळता खुंटा असतो. तो स्टीअरिंग आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात बसतो. वरून कंगोऱ्यांचा नट आवळायचा आणि नट सुटू नये म्हणून आरपार स्प्लिट पिन घालायची.

सगळी मेख त्या निमुळतेपणात आहे. नट आवळला की खुंटा भोकात खेचला जातो आणि चारी बाजूंनी इतका घट्ट धरतो की पुढे नट काढून घेतला तरी तो जागचा हलत नाही. जात्याचा खुंटा ज्यांनी ठोकलेला पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. अमेरिकेत स्टीफन मोर्सने १८६०च्या दशकात ड्रिल धरायला हाच निमुळतेपणा वापरला आणि लेथवाले अजून त्याचं नाव घेतात. हे असंच हवं, बरं का. कात्रजच्या घाटात हा खुंटा निघाला तर चाक एका दिशेला जातं आणि आपण दुसऱ्या. तेव्हा न सुटणं हा त्याचा धर्म. आणि मला तो सोडवायचा होता.

पहिलं हत्यार मी रविवारी जुन्या बाजारातून आणलं. त्याला फोर्क म्हणतात. दोन शिंगांची पोलादी पाचर. शिंगं गोळा आणि आर्म यांच्या मध्ये घालायची आणि मागून हातोडा हाणायचा. मी गाडी घोडीवर चढवली, चाक काढलं, पाचर घातली आणि तिसऱ्या दणक्याला 'फस्स' झालं. सांधा सुटला नव्हता. गोळ्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस माझ्या चष्म्यावर आलं होतं.

मिस्त्री म्हणाले, "फोर्क बूट फाडतोच. सांधा टाकूनच द्यायचा असेल तर चालतो."

"टाकूनच द्यायचा आहे ना."

"हा नाही. हा डावा आहे."

मी गाडीसमोर उभं राहून माझा उजवा हात धरला होता. म्हणजे आता एकाचे दोन एंड बदलायचे झाले.

दुसरं हत्यार बोहरी आळीतून. पुलर. त्याचा जबडा आर्मखाली अडकवायचा, वरचा स्क्रू खुंट्याच्या टोकावर टेकवून पिळायचा. हे सभ्य हत्यार. बूट फाडत नाही, आवाज करत नाही. फक्त जबडा मापाचा हवा. माझा कुठल्या तरी जीपच्या मापाचा निघाला. पिळला की तिरका व्हायचा आणि घसरून घोट्यावर पडायचा. गाडीच्या नव्हे, माझ्या. दुकानदाराने तो परत घेतला नाही. पायाला लावायला मलम मात्र शेजारच्या दुकानात मिळेल असं सांगितलं.

"मग दोन हातोडे," मिस्त्री म्हणाले. "नट काढू नको, चार आट्यांवर उलटा ठेव, नाहीतर आटे मरतील. एकाने आर्मच्या कानाला एका बाजूने जड घण टेकवून धरायचा. दुसऱ्याने समोरून ठोकायचं. कानावर. खुंट्यावर नाही. कान क्षणभर लंबगोल होतो आणि खुंटा सोडतो. फुकटचं काम. पण माणसं दोन पाहिजेत."

इथे अडचण होती. अण्णा गेल्यावर दादाचं म्हणणं, गाडी विकून टाकू. मुंबईत टॅक्सीतली शेवटची पद्मिनीसुद्धा २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, आता सुटे भागही मिळायचे नाहीत. माझं म्हणणं, नाही विकायची. यावरून आम्ही आठ महिने बोलत नव्हतो. आणि अण्णांचा घण दादाकडे होता.

मी सौ.ला घण धरशील का विचारलं. ती काही न बोलता आत गेली आणि तिने फोन केला. मला नव्हे, दादाला.

दादा तासाभरात आला. हातात घण, अंगात घरचा सदरा. माझ्याकडे न बघता गाडीखाली वाकला.

"हा डावा कुणी फाडला?"

मी गप्प.

"तू टेकव. मी मारतो."

"मी का टेकवू?"

"मी मोठा आहे म्हणून."

मी टेकवला. दोन ठोक्यांना नुसता टणत्कार झाला. तिसऱ्याला आवाज बदलला, 'ठक्', आणि एंड नटावर लोंबकळला. आठ महिने टक्टक् करणारं प्रकरण तीन ठोक्यांत मोकळं झालं. मग जुना एंड दांड्यातून उलगडताना फेरे मोजायचे असतात. नवा तेवढेच फेरे बसवला की चाकांची दिशा फारशी बिघडत नाही. अलाइनमेंट नंतर करावीच लागते, पण निदान तिथपर्यंत सरळ जाता येतं.

"साडेसोळा," दादा म्हणाला.

"सतरा."

"साडेसोळा! लहानपणापासून तुला मोजता येत नाही. म्हणून तर ती पाचर डावीकडे मारलीस."

बरंच वाजलं. शेवटी साडेसोळा फेरे बसवले. नट आवळला, नवी पिन घातली, चाक चढवलं. दादा ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवलं. मी खाली वाकून बघत होतो.

"वाजतंय?"

"नाही."

तो तसाच बसून राहिला. अण्णा ठेवायचे तसे दोन्ही हात चाकावर ठेवून.

"डावा कधी काढायचा?"

"पुढच्या रविवारी काढीन म्हणतो."

"आठला येतो," दादा म्हणाला. "घण इथेच राहू दे."