बाटली क्रमांक ५३-एन

रांजणगाव एमआयडीसीतला कामगार असो की शेतात राबणारा, अंगात कणकण आली की "डॉक्टर, एक सलाईन लावा" ही मागणी आमच्याकडे सर्रास ऐकू येते. बाटली टांगली, थेंब पडू लागले की घरच्यांनाही हायसे वाटते. पण तोंडाने घेतलेले औषध आधी पोटातून जाते. सुईतून जाणारे थेट रक्तात किंवा मांसात उतरते. तिथे दुसरा पहारा नाही. पहारा द्यायचा तो औषध हाताळणाऱ्याने. हा धडा देशाला किती महागात पडला, याची एक गोष्ट मुंबईच्या प्रयोगशाळेशी जोडलेली आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. वॉल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांना सुईची धास्ती होती. तेव्हा तरुण आगाखान सुलतान महंमद शाह यांनी उघडपणे लस घेतली, हाफकिनना कामासाठी खुश्रू लॉज ही वास्तू दिली आणि हजारो खोजा मुसलमान लस घ्यायला पुढे आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती: क्रमांक ५३-एन. इतरांना काहीही झाले नाही.

ठपका परळवर आला. हाफकिन यांनी लस बनवताना कार्बोलिक आम्ल वगळले होते, त्यावर बोट ठेवले गेले आणि त्यांना कामावरून दूर केले. पण चौकशीच्या कागदांतच दुसरी गोष्ट नोंदलेली होती. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले गेले. बाटली उघडली तेव्हा लसीला दुर्गंधी नव्हती. जंतू आधीपासून आत वाढत असते तर ती आली असती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हे मांडले, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

कारखान्यात बाटली कितीही शुद्ध भरलेली असो, ती उघडणारा शेवटचा हात तिचे भवितव्य ठरवतो. आज वॉर्डात सलाईनमध्ये दुसरे औषध मिसळले जाते तो क्षण मुलकोवालच्या बुचासारखाच असतो. म्हणून हात धुणे, रबरी बूच स्पिरिटने पुसून वाळू देणे, पाणी गढूळ नाही ना ते उजेडात पाहणे, रुग्णाचे नाव, औषध, मात्रा आणि वेळ बाटलीवर लिहिणे, हे सारे आवश्यक आहे. बाटलीवर क्रमांक होता म्हणूनच तर १९ मृत्यूंचा माग लागला.

बाटली लावली म्हणजे काम संपले नाही. थेंबांचा वेग, सुईभोवतीची सूज, थंडी वाजणे, धाप लागणे यांवर नजर हवी. नातेवाइकांनी "लवकर संपू दे" म्हणून चाक फिरवू नये. नर्सताईंना हाक मारावी. आणि डॉक्टर म्हणाले, "सलाईनची गरज नाही," तर तेही ऐकावे. उर्दूत अमानत म्हणतात, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. रुग्णाने पुढे केलेला हात ही तशी अमानतच आहे.