४१७, ५४१, १२५०

पीएफच्या पासबुकात अगदी उजवीकडचा रकाना पेन्शनचा असतो. कामगाराची नजर तिथवर सहसा जात नाही. तो आधी आपली जमा बघतो, मग मालकाची, मग व्याज किती पडलं ते. पेन्शनच्या रकान्यावर व्याज चढताना दिसत नाही, म्हणून तो रकाना मुका वाटतो. पण ज्यांचा पगार सरकारने पेन्शनच्या हिशेबासाठी ठरवलेल्या मर्यादेला टेकलेला असतो, त्यांच्या या रकान्यात १९९५ पासून तीनच आकडे येत राहिले: आधी ४१७, मग ५४१, आणि २०१४ पासून १२५०. साखर कारखान्यातला फिटर असो, एसटीचा कंडक्टर असो की सहकारी बँकेतला शिपाई, त्याच्या म्हातारपणी महिन्याला काय हातात पडणार, हे या आकड्यांतच ठरून गेलेलं असतं.

पीएफची सुरुवात पेन्शनपासून झालेली नाही. १५ नोव्हेंबर १९५१ ला अध्यादेश निघाला, १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि तो सुरुवातीला कापड, पोलाद, सिमेंट, कागद, सिगारेट आणि अभियांत्रिकी अशा सहाच उद्योगांना लागू होता. कामगाराने थोडं घालायचं, मालकाने तेवढंच घालायचं आणि नोकरी सुटली की सगळं एकरकमी घ्यायचं, इतका साधा मामला. गिरणगावात त्याला नुसतं ‘फंड’ म्हणत. फंड मिळाला की गावाकडचं घर शाकारायचं, मुलीचं लग्न उरकायचं. महिन्याच्या महिन्याला पैसे यावेत, ही कल्पनाच त्यात नव्हती.

ती आली विधवांसाठी. तरुण कामगार यंत्रावर किंवा आजारात गेला, तर त्याच्या फंडात फार काही साठलेलं नसायचं. म्हणून १ मार्च १९७१ पासून कुटुंब पेन्शन योजना सुरू झाली. कामगाराच्या आणि मालकाच्या वर्गणीतून प्रत्येकी १.१६ टक्के बाजूला काढायचे, केंद्र सरकारने तितकीच भर घालायची आणि नोकरीत मेलेल्याच्या बायकोला दरमहा काही द्यायचं. जो जिवंतपणी निवृत्त झाला, त्याला दरमहा काहीच नाही, फक्त एक लहानशी एकरकमी रक्कम. आजच्या पेन्शनचं मूळ इथे आहे. सरकारी नोकराच्या पेन्शनशी तिचं रक्ताचं नातं नाही. ती वाढली आहे मयताच्या कुटुंबाला दिलेल्या आधारातून. पुढच्या बऱ्याच तक्रारींचं बीज याच वंशात सापडतं.

१६ नोव्हेंबर १९९५ ला (पहिल्या अध्यादेशानंतर ४४ वर्षं आणि एक दिवस) कुटुंब पेन्शनचा निधी नव्या योजनेत विलीन झाला. हीच ईपीएस-९५, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के, म्हणजे पगाराचा बारावा भाग, थेट पेन्शन निधीत जाऊ लागले. सरकारने आपले १.१६ टक्के कायम ठेवले. काही कामगार संघटनांनी विरोध केला. आमच्या फंडाला कात्री लावून तुम्ही पेन्शन देणार, तर ती द्याल किती, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

द्याल किती, याचं उत्तर एका सूत्रात आहे: सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. हा सत्तरचा भाजक वरवर उदार वाटतो. ३५ वर्षं नोकरी केली तर निम्मा पगार पेन्शन, सरकारी नोकराला मिळते तशीच. खोच आहे ती ‘पगार’ या घरात. तिथे खरा पगार येत नाही, मर्यादेइतकाच येतो. मर्यादा १९९५ ला ५००० होती, २००१ ला ६५०० झाली आणि मग १३ वर्षं हललीच नाही. त्या काळात महागाई कुठून कुठे गेली, हे वेगळं सांगायला नको.

समजा, एक कामगार १९९५ च्या अखेरीस लागला आणि १८ वर्षं भरून २०१३ मध्ये निवृत्त झाला. शेवटी हातात २०,००० पडत असले तरी हिशेब ६५०० वर. ६५०० गुणिले १८, भागिले ७०: महिना १६७१ रुपये. यात महागाई भत्ता नाही. सुरुवातीच्या काही वर्षांत निधीचं मूल्यांकन झालं की किरकोळ वाढ मिळायची, तीही बंद पडली. जो आकडा पहिल्या महिन्यात, तोच मरेपर्यंत.

१९९५ च्या आधी राबलेल्यांचं आणखी अवघड. त्यांच्या जुन्या नोकरीसाठी वेगळं कोष्टक आहे. २० वर्षांहून जास्त नोकरी आणि २५०० रुपयांच्या वर पगार असेल तर महिना १७० रुपये. सर्वांत खालच्या पायरीला ८०. निवृत्तीपर्यंतच्या वर्षांनुसार या रकमेला गुणक लागतो, पण मुळातच ८० ते १७० असेल तर गुणून गुणून किती होणार? १९८२ च्या गिरणी संपात ज्यांची कामं गेली आणि पुन्हा पीएफवाल्या नोकरीत जे लागले नाहीत, त्यांच्यापर्यंत तर ही योजना पोचलीच नाही.

मधे एक चोरवाट आहे, ती कंत्राटी कामगारांना महागात पडते. पेन्शनसाठी किमान १० वर्षं नोकरी लागते. कंत्राटदार बदलला की नवा खाते क्रमांक, आणि हाताशी पैसे नसल्याने १०-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसेही काढून घ्यायचे, हा शिरस्ता. १५ वर्षं झाडलोट केलेल्या बाईच्या नावावर दहा वर्षं काय, पाचही उरत नाहीत. पैसे न काढता सेवेचा दाखला घेतला असता तर वर्षं जोडली गेली असती, पण हे तिला ठेकेदाराचा मुकादम कशाला सांगेल? २०१४ मध्ये नोकरी बदलली तरी कायम राहणारा एकच यूएएन क्रमांक आल्यावर हे थोडं सुधारलं.

२०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३००० रुपये करावी आणि सरकारने आपला वाटा वाढवावा, अशी शिफारस केली. सप्टेंबर २०१४ पासून प्रत्यक्षात मिळाले १०००. त्याच वेळी मर्यादा १५,००० झाली आणि पासबुकात १२५० दिसू लागले. पण एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने थोडं काढूनही घेतलं. सरासरी शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांची झाली, आणि जुनी वर्षं जुन्याच मर्यादेवर मोजायची ठरली. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने, त्यांच्या निवृत्तीच्या चार दिवस आधी, खऱ्या पगारावर पेन्शन निवडण्याची वाट काहींना उघडून दिली. त्यासाठी मागच्या सगळ्या वर्षांचा फरक व्याजासह भरायचा होता. ज्याच्या फंडाचं घर बांधून झालेलं, त्याने तो कुठून आणायचा?

हजार रुपयांचं मोल कळायला शेजारचे आकडे बघावेत. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारी पेन्शनरची किमान पेन्शन ९०००, वर महागाई भत्ता. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान २०२३ मध्ये १५०० झालं. निराधाराला दीड हजार देणं योग्यच आहे, त्यात कुणी खळखळ करू नये. पण ज्याच्या नावाने मालकाने आयुष्यभर बारावा भाग भरला, त्याची किमान पेन्शन निराधाराच्या अनुदानाच्याही खाली असावी, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. तो हजार मिळवण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. अंगठ्याच्या रेषा कामानेच झिजलेल्या, यंत्र त्या ओळखत नाही. बँकेतली पोरगी बोट पुसून, तेल लावून, दुसरं बोट ठेवून बघते. अलीकडे मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला होतो, तेवढी पायपीट वाचली.

बुलढाण्यात डिसेंबर २०१८ पासून या पेन्शनरांनी साखळी उपोषण मांडलं. मागणी ७५०० रुपये, वर महागाई भत्ता आणि नवरा-बायको दोघांना मोफत उपचार. दुसरीकडे कारखान्यांच्या गेटवर संघटना पगारमर्यादा वाढवा म्हणतात. दोन्ही मागण्या एकाच भाषणात ऐकू येतात, पण त्यांचे लाभार्थी वेगळे आहेत. मर्यादा उद्या दुप्पट झाली तरी ती पुढच्या वर्षांना लागेल. आज पन्नाशीत असलेल्याला त्याचा थोडा फायदा, तिशीतल्याला बराच. १६७१ वाल्याची सरासरी केव्हाच गोठलेली आहे. त्याला फक्त किमान रक्कम आणि महागाई भत्ता हलवू शकतात, आणि तो पैसा वर्गणीतून नव्हे, अर्थसंकल्पातूनच यावा लागेल. मर्यादा वाढवणं सरकारला त्या मानाने सोपं जातं, कारण त्यातला मोठा वाटा मालकाच्या खिशातून जातो.