सफाई कामगारांचा फोटोग्राफर : कोण आहेत सुधारक ओलवे?

फैजपूर (प्रतिनिधी) : डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू होते, सजावट चित्रकार नंदलाल बोस यांची. ही नावं पोरासोरांनाही माहीत आहेत. पण एवढ्या गर्दीत झाडलोट करणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव किती जणांना सांगता येईल?

झाडणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. तोच चेहरा जगाला दाखवणारे फोटोग्राफर म्हणजे सुधारक ओलवे.

ओलवेंचा जन्म १९६६ चा, अकोल्याचा. १९८८ पासून ते मुंबईत वृत्तपत्रांसाठी फोटो काढत आले. रोजची बातमीदारी सांभाळून त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर अनेक वर्षं काम केलं. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या ढिगात राबणारे हात, घरी वाट बघणारी बायकापोरं, हे सगळं त्यांनी काळ्या-पांढऱ्या फोटोंत टिपलं. यातले बहुतेक कामगार दलित समाजातले. आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो, ओलवे तिथंच थांबले. या कामावर त्यांचं पुस्तक आहे, देश-परदेशात प्रदर्शनंही झाली. २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकचा पुरस्कार आणि २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

कायदा काय सांगतो?

२०१३ च्या कायद्यानुसार हाताने मैला साफ करायला लावणं गुन्हा आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा संडासाच्या टाकीत उतरवणं पण गुन्हाच. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. आधी ही रक्कम १० लाख होती.

आपण काय करू शकतो?

ज्या मोबाईलवर पोरं रात्री उशिरापर्यंत गेम खेळतात, त्यालाच कॅमेरा पण आहे. कुणी माणसाला असा टाकीत उतरवत असेल तर आधी त्याला थांबवा. फोटो काढायचा तर त्या कामगाराला विचारून काढा. तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा, नगरपालिकेत किंवा पोलिसांत लेखी तक्रार द्या. पण त्याचा चेहरा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरवू नका. गरिबाची रोजी जाते, टाकीत उतरवणारा मात्र तसाच सुटतो.

आणि घरची टाकी भरली तर मशीनची गाडी बोलवा. दोन पैसे जास्त जातील, पण माणूस जिवंत राहील.