महाभारतातील पात्रसंबंधांचे जाळे आणि संहितेचा प्रश्न

महाकाव्यातील पात्रे बिंदूंनी दाखवावीत, ज्या दोहोंचा संबंध आला ती रेषेने जोडावीत आणि त्यातून सिद्ध होणाऱ्या जाळ्याची घडण गणिताने तपासावी, अशी एक अभ्यासपद्धती गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे. तिचे गणिती मूळ ऑयलरने १७३६ साली केनिग्जबर्गच्या पुलांचा जो प्रश्न सोडविला त्यात आहे. मोरेनोने १९३४ साली मानवी समूहांतील आवडीनिवडींच्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. प्राचीन काव्यांपुरता विशेष गाजला तो मॅक कॅरन व केना यांचा २०१२ मधील लेख. 'बेवुल्फ'मधील ७४, 'इलियड'मधील ७१६ आणि एका आयरिश वीरकथेतील ४०४ पात्रे त्यांनी तपासली. 'इलियड'चे जाळे प्रत्यक्ष समाजातील संबंधांशी सर्वांत अधिक जुळते, असे त्यांना आढळले.

महाभारताला ही पद्धती लावू जाता पहिली अडचण येते ती नामांची. 'कृष्ण' हे नाव वासुदेवाचे, तसेच द्वैपायन व्यासांचे आणि अर्जुनाचेही. 'कृष्णा' म्हणजे द्रौपदी. उलट अर्जुनाला धनंजय, सव्यसाची, बीभत्सू अशी कितीतरी नामे असून, 'पार्थ' म्हणावे तर तो कुंतीचा कोणताही पुत्र असू शकतो. केवळ शब्द मोजणाऱ्या यंत्राला अश्वत्थामा नावाचा हत्ती आणि द्रोणपुत्र यांतील भेद कळणार नाही. अर्थात तो भेद द्रोणांनाही कळू दिला गेला नव्हता!

ही अडचण परिश्रमाने दूर होण्याजोगी आहे. दुसरी अधिक खोल आहे : जाळे काढावयाचे ते कोणत्या संहितेचे? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत, स्वयंवरप्रसंगी सूतपुत्राला वरणार नाही हे द्रौपदीचे वचन मूळ पाठात नाही; त्याला तळटिपेत स्थान मिळाले आहे. द्यूतसभेत कर्णाने केलेली तिची विटंबना मात्र मूळ पाठातच आहे. म्हणजे कर्ण व द्रौपदी यांना जोडणारी वैराची रेषा दोन्ही पाठांत राहते. परंतु प्रचलित पाठात पहिला अपमान तिने केलेला असतो, चिकित्सक पाठात त्याने. दिशा व क्रम न नोंदणाऱ्या जाळ्यात हा फरक उमटतच नाही, आणि कर्णाच्या चरित्राचा न्याय तर याच फरकावर अवलंबून आहे.

परशुरामाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचे प्रमुख पात्रांशी संबंध थोडेच. पण भीष्म, द्रोण व कर्ण हे कौरवांचे पहिले तिन्ही सेनापती त्याचे शिष्य होत. रेषांची नुसती संख्या पाहिली तर तो गौण ठरतो. त्या कोठे पोहोचतात हे पाहिले तर नव्हे. वि. सी. सुखटणकरांनी १९३६ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या निबंधात भृगुकुलाच्या कथांचा पर्वापर्वांतून माग काढला आणि भारताचे महाभारत होताना भार्गवांचा हात लागला असावा, असे अनुमान मांडले. संगणकाविना केलेले ते काम या पद्धतीच्या फार जवळचे होते. परंतु हा भार्गव अंश चिकित्सक पाठातही टिकून आहे, कारण ती आवृत्ती उपलब्ध पोथ्यांच्या मागे जाऊ शकत नाही आणि तसा तिचा दावाही नव्हता. तेव्हा जाळ्यातील परशुरामाचे स्थान युद्धकाळचा समाज दाखवीत नसून कदाचित संस्कर्त्यांचे कुल दाखवीत असेल. निदान सर्व पोथ्यांना समान असलेल्या रेषा एका रंगाने व काही पोथ्यांपुरत्याच असलेल्या दुसऱ्या रंगाने काढता येतील. त्यासाठी लागणारी सामग्री त्या आवृत्तीच्या तळटिपांत व परिशिष्टांत पर्ववार लावून ठेवलेली आहे.